चाकाखालचा दगड

"चावी दे," सुभेदार फाळके म्हणाले.

रणधीर निकमने उजवी मूठ आवळून छातीशी धरली. "न्हाई देत."

सुभेदारांनी हातातला पाना त्या मुठीवर मारला. चाकाचे नट खोलायचा लांब, लोखंडी पाना. फार जोरात मारला नाही. भिंतीत खिळा ठोकताना पहिला ठोका अंदाज घेत मारतात, तेवढाच. तरी बोटांच्या पेरांवर लोखंड आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. रणधीरने दात खाऊन मान मागे टाकली. मूठ उघडली नाही.

"चावी."

"न्हाई म्हंतोय नव्हं?"

दुसरा फटका पहिल्यासारखा नव्हता.

मी तिथेच, सुभेदारांच्या निळ्या गाडीच्या दाराशी, त्यांच्या बायकोची, हौसावहिनींची पिशवी पोटाशी धरून उभा होतो. पिशवीत त्यांची दवाखान्याची फाईल, चादर आणि पाण्याची छोटी बाटली. वहिनी आत पुढच्या सीटवर बसलेल्या. सोसायटीचा अध्यक्ष मी होतो आणि अध्यक्षाने अशा वेळी काहीतरी बोलायला हवं, एवढं मला कळत होतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. 'साहेब, जरा शांततेनं घ्या' म्हणावं, तर 'शांततेनं' हा शब्द त्यांना झोंबेल. नुसतं 'साहेब' म्हणावं, तर पुढे काय म्हणायचं? मी शब्द बदलून बघत होतो, तोवर आणखी एक फटका पडला आणि रणधीरच्या मनगटावरून रक्ताची बारीक धार कोपरापर्यंत आली.

अध्यक्ष मी कसा झालो तेही सांगायला हवं. सभेत प्रत्येक जण 'मला जमणार नाही' म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी नाही म्हणण्यासाठी घसा साफ करत होतो. त्याआधीच टाळ्या वाजल्या. उभा जन्म वाचनालयात गेलेला. तिथे कुणी मोठ्याने बोललं तर ओठांवर बोट ठेवलं की काम भागायचं. इमारतीत ती युक्ती चालत नाही.

आमची इमारत साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर. कडेला गाड्या लावायची एक अरुंद पट्टी. एका बाजूला इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूला फोडलेला खडक. तिथे गाड्या शेजारी शेजारी लागत नाहीत, एकामागे एक लागतात. आतली जागा सुभेदारांची, तिच्या तोंडावरची रणधीरची. म्हणजे रणधीरची काळी जीप हलल्याशिवाय सुभेदारांची गाडी बाहेर निघायची नाही. असली जागा विकणारा बिल्डर केव्हाच पुण्याला निघून गेला होता. मग इमारतीने आपली एक रीत पाडली. बाहेरच्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही, स्टेअरिंग सरळ ठेवायचं आणि चाकाखाली दगड द्यायचा. आतल्याला जायचं असलं की त्याने दगड काढायचा, दोघातिघांनी ती गाडी मागे अंगणात ढकलायची, आपली काढायची, मग पहिली जागेवर लावून पुन्हा दगड द्यायचा. कुणाला हाका नकोत, कुणाची झोपमोड नको. दगडसुद्धा ठरलेला होता. हौसावहिनींचा मसाला वाटायचा पाटा मधोमध फुटला होता, त्याचा अर्धा तुकडा. वाटून वाटून एका बाजूने गुळगुळीत झालेला.

ही रीत जोवर पाळली गेली तोवर बरं चाललं होतं. रणधीर जेसीबीची कामं घ्यायचा, वेळी-अवेळी यायचा. कधी हँडब्रेक ओढून जायचा, कधी मित्रांच्या मोटारसायकली मध्ये घुसवायचा. सुभेदार चाकांतली हवा सोडायचे. एकदा त्यांनी रणधीरच्या एका मित्राच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी सुभेदारांच्या गाडीचा आरसा लोंबकळत होता. मी नोटीस लावली. रणधीरने ती जिन्यात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि वर म्हणाला, "काय ओ उमराणीकाका, नोटीस लावलीय का लग्नपत्रिका? नुसतं कृपया, कृपया!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन नोटिशीची प्रत पाहिली, 'कृपया' खरंच फार होते.

पण त्या वर्षी हौसावहिनींच्या किडन्या गेल्या आणि भांडणाला धार आली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मशीनचा नंबर सकाळचा. तो चुकला तर त्या दिवसाचं मशीन दुसऱ्याला जायचं. सुभेदारांनी ते पलटणीतल्यासारखं लावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी जिन्यात भेटले की म्हणायचे, "उद्या परेड आहे आमची." वहिनी मागे उभ्या असत, पदर डोक्यावर, पावलं सुजलेली. त्या काही बोलत नसत. मला वाटायचं, माझ्यासारख्याच आहेत, बोलायचं असतं पण वाक्य जुळत नाही. माझा तो अंदाजही चुकीचाच होता.

त्या सकाळी सुभेदारांनी वहिनींना दंडाला धरून खाली आणलं, गाडीत बसवलं आणि चावी लावून ठेवली. मग मागे जाऊन दगड काढला. मी आणि पोस्टातले कदम जीप ढकलायला म्हणून आलोच होतो. ते आमचं ठरलेलंच काम. ढकलली. हलेना. सुभेदारांनी काचेतून आत पाहिलं.

"गिअरमध्ये आहे. हँडब्रेक ओढलाय." ते हळू आवाजात बोलले, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "आणि चाकं बघा."

जीपची पुढची चाकं पार वळवून भिंतीकडे केली होती. स्टेअरिंग लॉक.

"निकम!" सुभेदारांनी वर पाहून हाक मारली. रणधीरच्या खिडकीचा पडदा हलला, पण उत्तर आलं नाही. फोन लावला तर बंद. आणखी एक हाक. मग त्यांनी तो पाट्याचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि जीपच्या काचेवर घातला. काच एका फटक्यात गेली. हात आत घालून त्यांनी हँडब्रेक सोडला, गिअर काढला. कोपर चिरलं, तिकडे पाहिलंही नाही. "ढकला!" आम्ही ढकलली. जीप थोडी मागे गेली, तिरकी झाली आणि करकरत भिंत आणि खडक यांच्यामध्ये अडकून बसली. आता चावीशिवाय ती कुठेच जाणार नव्हती.

"सुभेदारसाहेब," कदम म्हणाले, "रिक्षा आणू का? वेळेत पोचतील वहिनी."

"रिक्षा?" सुभेदार वळले. "कुणी रिक्षा आणली तर आधी त्याचं टाळकं फोडीन. माझी जागा आहे, माझी गाडी आहे. आज निकालच लावतो ह्याचा."

काचेच्या आवाजाने खिडक्या उघडल्या होत्या. जिन्यातून रणधीर खाली आला. बनियन, चट्ट्यापट्ट्याची चड्डी, उजव्या मुठीत चावी. तिशीचा, रेड्यासारख्या खांद्यांचा माणूस. त्याने फुटलेली काच पाहिली, मग सुभेदारांकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता त्यांना उचलून आपटणार.

"काच कुणी फोडली?" त्याने विचारलं. पण त्या आवाजात नेहमीची मस्ती नव्हती.

"मी फोडली. चावी दे."

आणि मग ते सुरू झालं.

मला न समजणारी गोष्ट ही होती की रणधीर उलटून मारत नव्हता. पाठ जीपच्या बॉनेटला टेकवून तो उभा राहिला होता. डावा हात मागे, बॉनेटवर पालथा. उजवी मूठ छातीशी. सुभेदार सत्तरीला आलेले होते, त्यांना एका धक्क्यात बाजूला करता आलं असतं. त्याने केलं नाही. तो फक्त चावी देत नव्हता.

"अरे माणूस आहेस का कोण?" कदम ओरडले. "बाई मरंल की रे! तिचं मशीन जाईल!"

"जाऊ द्या," रणधीर म्हणाला.

तेवढ्या दोन शब्दांनी इमारत खवळली. खिडकीतून बायका शिव्या देऊ लागल्या. वरून कुणीतरी बादली फेकली, ती रणधीरच्या खांद्यावर आपटून उडाली. आणि कदम, ज्यांनी जन्मात पोस्टाच्या रांगेतसुद्धा कुणाला मागे व्हा म्हटलं नसेल, त्यांनी पुढे होऊन त्याच्या पोटरीत लाथ घातली. मग पुन्हा घातली. मी पाहिलं, त्यांच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, मारा. आणखी मारा.

"उमराणी!" सुभेदार धापा टाकत माझ्याकडे वळले. त्यांचा सदरा घामाने आणि रक्ताने चिकटला होता. ते रक्त त्यांचं होतं की त्याचं, कळत नव्हतं. "तुम्ही हिच्याजवळ आत बसा. काचा वर करा. तिनं हे बघायला नको."

मी आज्ञाधारकपणे आत शिरलो आणि मागच्या सीटवर बसलो. दार लावलं. आवाज एकदम दूर गेल्यासारखा झाला. गाडीचं तोंड आतल्या बाजूला, म्हणून समोर नुसता खडक. त्यातून एक पिंपळाचं रोप उगवलेलं. मागचं सगळं त्या छोट्या आरशात दिसत होतं आणि वहिनी आरशातच बघत होत्या.

"वहिनी, नका बघू," मी म्हणालो. "घाबरू नका. चावी मिळेल आता."

"न्हाई मिळायची."

"देईल हो. किती वेळ सोसेल?"

"मरंल पण द्यायचा न्हाई." त्यांनी आरशावरून नजर काढली नाही. "म्या शपथ घातलीय त्याला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पुन्हा वर घेतली.

"काल सांजच्याला जिन्यात गाठला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ल्येका, उद्या गाडी अशी लाव की हलता कामा न्हाई. आन् चावी घिऊन कराडला जा. त्यो म्हणाला, काकी, सुभेदार मला जित्ता सोडत न्हाईत. म्हटलं, मारलं तर मार खा. पन सांगू नगंस कुनाला. त्याचा हात माज्या डोक्यावर ठिवून घेतला. त्याची आई गेली तवा माज्याच हातचं जेवलंय ते पोर. न्हाई कसं म्हनंल?"

"पण कराडला..."

"न्हाई गेला. पळून गेला म्हनतील म्हनून न्हाई गेला. अक्कल न्हाई बाप्यांना."

मागे काहीतरी दाणकन आपटलं. मी वळून पाहिलं. रणधीर गुडघ्यांवर आला होता. सुभेदारांनी त्याची मूठ जीपच्या बंपरवर टेकवून धरली होती आणि तिच्यावर पाना मारत होते, लोहारासारखे, लयीत. प्रत्येक फटक्याला "दे" म्हणत होते. दे. दे. दे.

"पण वहिनी, का?" मी विचारलं. अशा वेळी 'का' विचारणं हे फक्त माझ्यासारख्यालाच सुचावं.

त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या आत नस दोरखंडासारखी फुगलेली, सुयांनी काळीनिळी पडलेली. "चार तास हितं टोचून पडायचं. घरी यिऊन वकायचं. दुसऱ्या दिवशी भिंतीकडं बघत पडायचं. तिसऱ्या दिवशी परत परेड. म्या लई सांगितलं, मला एक खेप नगं. एक खेप घरी बसू द्या. म्हंत्यात, फाळक्याच्या घरात पाठ दाखवायची न्हाई. न्हाई बसले गाडीत तर उचलून बसिवत्यात. हे बघा." त्यांनी दंड दाखवला. तिथे चार बोटांचे वळ होते, सकाळचे, ताजे.

"रिक्षा आणली असती तर?"

"न्हाई आनायचे रिक्षा. त्यांचं भांडान लागलं की त्यांना दवाखाना दिसत न्हाई, भांडानच दिसतं. ठावं हुतं मला." मग त्यांचा आवाज एकदम फुटला. "पन एवढं मारतील असं न्हाई वाटलं. भाऊजी, जावा. सोडवा त्याला. माजं नाव घिऊन सांगा."

मी दार उघडलं. उतरलो. तिथून त्या दोघांपर्यंतचं अंतर काहीच नव्हतं. "थांबा," मी म्हणालो. ते मलाच नीट ऐकू आलं नाही. "सुभेदारसाहेब, वहिनी म्हणतात..." कदमांनी मला कोपराने मागे सारलं, "काका, तुम्ही बाजूला व्हा, लागंल." रणधीरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओठ फुटलेला, एक डोळा मिटत आलेला. मी गाडीतून उतरून येतोय, म्हणजे मला कळलंय, हे त्याला समजलं असावं. त्याने मान हलवली. नको. सांगू नका.

पुढे मी नक्की काय केलं याची मला खात्री नाही. कदम सांगतात की मी दोन्ही हात पसरून मध्ये गेलो. मला आठवतं ते असं, की फुटक्या काचांवर माझी चप्पल घसरली आणि मी रणधीरवर पडलो. पाना खाली येतच होता. तो माझ्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पहिल्यांदा दुखलं नाही. मी फक्त विचार केला, आता तरी मला बोलता येईल.

"त्यांनीच सांगितलं होतं," मी म्हणालो. कुणीही ऐकलं नाही. सगळे ओरडत होते. "साल्याच्या पायी म्हाताऱ्याला लागलं!" असं म्हणत कुणीतरी रणधीरचे केस धरले. माझं वाक्य माझ्याच तोंडाशी राहिलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

निळ्या गाडीचा. थांबून थांबून नाही, एकसलग. खडकावर आपटून तो आवाज त्या अरुंद पट्टीत दुप्पट झाला. खिडकीतल्या बायका गप्प झाल्या. कदमांनी पाय मागे घेतला. हॉर्न चालूच होता. सुभेदार पाना वर धरून तसेच थांबले आणि गाडीकडे बघत राहिले.

हॉर्न थांबला. गाडीचं दार उघडलं. हौसावहिनी उतरल्या. गाडीच्या टपाला धरत, मग मागच्या काचेला धरत त्या आल्या. इमारतीतल्या कुणीही त्यांना कुणाच्या हाताशिवाय चालताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"गाडीत बस," सुभेदार म्हणाले. "मिळते आता चावी."

"म्या सांगितलंय त्याला."

"काय सांगितलंयस?"

"गाडी आडवी लाव म्हनून. चावी देऊ नगंस म्हनून."

सुभेदार हसले. खरोखर हसले. "वाचवायला बघतीस व्हय त्याला? तुझा जीव घ्यायला निघालाय त्यो, आन् तू..."

"तुमी घेताय माजा जीव."

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतही ते ऐकू गेलं असणार.

"हौसा."

"तोंडानं सांगितलं की तुमास्नी ऐकू येत न्हाई. किती येळा सांगितलं? जेवताना सांगितलं. निजताना सांगितलं. शेवटाला हा धोंडा घातला आडवा, त्यो बी तुमी उचलून काचंवर घातला." त्या रणधीरजवळ खाली बसल्या. त्याची मूठ हातात घेतली. "सोड आता. सोड रं माज्या राजा. सुटली शपथ."

त्याला सोडता येत नव्हती. बोटं सुजून चावीभोवती बंद झाली होती. वहिनींनी एकेक बोट धरून उलगडलं. प्रत्येक बोटाला तो ओरडला. इतका वेळ मार खाताना जो ओरडला नव्हता, तो आता लहान पोरासारखा ओरडत होता. शेवटी चावी खाली पडली.

कुणी ती उचलली नाही.

सुभेदारांनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते वळले आणि पाना आपल्याच गाडीवर चालवला. आधी मागची काच. मग दिवे. मग टप, दारं, पुन्हा टप. पत्र्याला पोचे पडत होते, पाना उसळून त्यांच्याच नडगीवर बसत होता, तरी ते थांबत नव्हते. "परेड," ते म्हणत होते. "परेड. परेड." त्यांना धरायला कुणी गेलं नाही. वहिनी रणधीरचा हात मांडीवर घेऊन तिकडे पाठ करून बसल्या होत्या. मग पाना हातातून सुटून खडकावर जाऊन वाजला. सुभेदार काचांवर, त्या पाट्याच्या तुकड्याशेजारी खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, शरण आलेला माणूस ठेवतो तसे.

दवाखान्यात रणधीरने सांगितलं, जेसीबीच्या दारात हात सापडला. मी सांगितलं, जिन्यावरून पडलो. कदमांना कुणी काही विचारलं नाही. रणधीरची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. माझं हाड जुळलं, पण अजूनही त्या बाजूच्या हाताने वरच्या फळीवरचं पुस्तक काढता येत नाही.

त्या दिवशी वहिनी दवाखान्यात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्या दारातून काही आवाज येत नव्हता. मी एकदा दाराशी जाऊन उभा राहिलो, घंटेपर्यंत बोट नेलं आणि परत आलो.

त्यानंतरच्या सकाळी पट्टीत दार वाजलं म्हणून मी खिडकीशी गेलो. माझा हात गळ्यात बांधलेला. खाली वहिनी होत्या, स्वतः उतरून आलेल्या. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला. सुभेदार त्यांच्या मागून पिशवी घेऊन येत होते. निळ्या गाडीच्या मागच्या काचेला प्लॅस्टिकचा कागद चिकटवला होता. रणधीरची जीप मागे उभी होती. चाकं सरळ, न्यूट्रलमध्ये आणि चाकाखाली तोच पाट्याचा तुकडा.

वहिनी गाडीत बसल्या. सुभेदार जीपकडे गेले, वाकले, दगडाला हात घातला आणि थांबले.

वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी मान वळवली. "हौसा," ते म्हणाले, "काढू का दगड?"

खिडक्यांत माणसं होती. कुणी हललं नाही. वहिनींनी उत्तराला वेळ लावला. त्या वेळात सुभेदार तसेच वाकून राहिले. मग उघड्या दारातून वहिनींचा हात बाहेर आला आणि हलला. काढा.

तेव्हापासून ते दर खेपेला विचारत. पावसात विचारलं, थंडीत विचारलं. जीप ढकलायला आता मी नसायचो. रणधीर यायचा, प्लॅस्टर असताना खांद्याने ढकलायचा, मग वाकड्या बोटांच्या हाताने. तो आणि सुभेदार एकमेकांशी बोलत नसत. जीप मागे जाताना फक्त "हं," "बास," एवढंच.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी मी खाली होतो, पेपर घ्यायला गेलेला. वहिनी गाडीत बसल्या होत्या. अंगावर शाल. सुभेदारांनी वाकून दगड काढला पण त्या दिवशी आधी विचारायचं विसरले होते, म्हणून दगड हातात घेऊनच विचारलं, "हौसा? काढला बरं का. ढकलू?"

रणधीर बॉनेटवर दोन्ही हात टेकवून तयार उभा होता.

वहिनींनी समोरच्या खडकातल्या त्या पिंपळाच्या रोपाकडे पाहिलं. मग मान वळवून नवऱ्याकडे.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

रणधीरने बॉनेटवरचे हात काढून घेतले. मला वाटलं सुभेदार आता ओरडतील, किंवा खाली बसतील.

ते वाकले. दगड होता तिथे, चाकाखाली परत ठेवला. हलतोय का पाहिलं. मग टाचेने दोनदा ठोकून पक्का बसवला, आणि वहिनींना उतरवून घ्यायला दाराशी गेले.